सव्वीस आपट्यांचा कॅमेरा

"पडला तर काय होतं?" कॅमेऱ्याच्या दुकानात शिरल्या शिरल्या, खुर्चीवर टेकायच्याही आधी, आपटबाईंनी विचारलं.

दुकानदाराने आधी बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या यजमानांकडे. "काय पडला तर?"

"कॅमेरा हो! अजून घेतला नाहीये. पण घेतल्यावर कधीतरी पडणारच ना?"

"बाई, पडायचा कशाला? ही दोरी मनगटात अडकवायची, की झालं काम."

दोरीचं नाव निघताच आपटबाईंचा चेहरा एकदम उतरला. "दोरीचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

आता आपटबाई हे काही त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. प्रवासी बॅगांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. काम एकच. नवी बॅग उंचावरून खाली टाकायची, उचलायची, चहूबाजूंनी बघायची, वहीत लिहायचं आणि परत टाकायची. त्यांचा हात असा काही बसला होता, की एकदा त्यांनी सकाळच्या पाळीत आपटलेली बॅग इतकी उसळली, इतकी उसळली, की ती दुपारच्या पाळीतल्या माणसाने झेलली म्हणतात. खरंखोटं कारखान्याचं छप्पर जाणे.

बाई निवृत्त झाल्या, पण हात काही निवृत्त झाला नाही. घरात नवी वस्तू आली की तिची आधी तपासणी. घड्याळ पास झालं. छत्री पास झाली. चष्मा पहिल्याच दिवशी नापास झाला, म्हणून पुढचा महिनाभर बाई यजमानांचा चष्मा लावून पेपर वाचत आणि यजमान हेडलाइनी ऐकत. फोन आपटल्यापासून त्याच्यावर फक्त बोलता यायचं, तेही स्पीकर लावून, त्यामुळे बाईंची सगळी गुपितं इमारतीला आधी कळायची. फोनमधल्या कॅमेऱ्यातून तर जग दिसायचं तेच तडे गेलेलं.

"ताई, लग्नाआधी यांनाही एकदा आपटून बघितलं होतंस का गं?" धाकटी बहीण विचारायची.

"नाही ना," बाई उसासा टाकून म्हणायच्या. "तेव्हा नोकरी लागायची होती. म्हणून तर फसले."

तर अशा बाईंना कॅमेरा घ्यायचा होता, आणि तो रविवारच्या आत. कारण रविवारी अक्का येणार होती. अक्का म्हणजे तिघी बहिणींतली थोरली. मंगळवारी ती आणि भाऊजी लेकाकडे, लांब समुद्रापलीकडे राहायला जाणार होते, कायमचे. आणि तिघी बहिणींचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. लहानपणी घरात कॅमेरा नव्हता, आणि मोठेपणी तिघी एका वेळी एका घरात सापडत नव्हत्या. अकरा वर्षांपूर्वी एक फोटो निघाला होता. नदीवरच्या पुलावर, भाऊजींच्या कोऱ्या कॅमेऱ्यात. पण तासाभरात तो कॅमेराच फोटोसकट नदीत गेला.

कुणामुळे गेला, हे सगळ्या घराला माहीत होतं. भाऊजींमुळे. त्यांनीच तो निष्काळजीपणे कठड्याला पट्ट्याने अडकवून ठेवला आणि तो सुटून पडला. निदान अक्का तरी अकरा वर्षं असंच सांगत होती. त्या दिवसापासून तिने भाऊजींच्या हातात फुटेल अशी वस्तू दिली नाही. कुणाकडे गेले तरी अक्काच्या पर्समधून भाऊजींचा स्टीलचा पेला निघायचा, आणि यजमानीणबाईंनी आणलेल्या कपबशा बघत भाऊजी मुकाट्याने त्या पेल्यातून चहा प्यायचे. माणूस पूर्वी बँकेत मोठा अधिकारी होता.

दरवेळी तो पेला निघाला की आपटबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घ्यायच्या. का, ते पुढे येईलच.

"किती मेगापिक्सेल दाखवू?" दुकानदाराने विचारलं.

"तीन बहिणी मावतील इतके."

"आणि झूम?"

"कशाला? आम्ही जवळच बसणार आहोत."

दुकानदाराने काचेवर तीन कॅमेरे मांडले. पहिला लाल, चपटा, पावडरच्या डबीसारखा. बाईंनी तो कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. "हा नापास. याच्या पोटात दुखतंय." दुसरा पिवळाधमक, चारी कोपऱ्यांना रबर लावलेला. दुकानदाराचा आवाज एकदम चढला. "हा घ्या! हा पाण्यात चालतो, बर्फात चालतो, वाळवंटात चालतो!"

"आणि बाहेरच्या खोलीत?"

"चालतो की!"

"मग पाणी, बर्फ आणि वाळवंटाचे पैसे मी का देऊ?" बाईंनी किमतीची चिठ्ठी उलटी करून ठेवली. यजमानांनी इतक्या वेळात पहिल्यांदा मान हलवली.

तिसरा काळा, मुठीएवढा, दिसायला अगदी साधा. बाईंनी बॅटरीचं झाकण उघडून बंद केलं. बिजागरी घट्ट. अंग पत्र्याचं. भिंग पुढे येतं आणि बंद केल्यावर निमूट आत जातं. कुठेही टोक नाही, कान नाही, शेपूट नाही. एकतीस वर्षांत बाई एक गोष्ट शिकल्या होत्या, ती म्हणजे वस्तूचं जे बाहेर आलेलं असतं तेच आधी तुटतं. त्यांचे डोळे लुकलुकले. यजमानांनी ते डोळे ओळखले.

"अगं, इथे नको..." ते म्हणेपर्यंत बाईंनी कॅमेरा काचेपासून वीतभर वर धरला आणि सोडला.

टक्!

दुकानदाराने झेप घेतली, पण ती उशिरा. तो काउंटरवर आडवा पडला आणि त्याच्या नाकासमोर कॅमेरा सुखरूप बसला होता. भिंग पुढे आलं, त्याने दुकानदाराकडे पाहिलं आणि आत गेलं.

"छान!" बाई म्हणाल्या. "तुम्ही सोडून कुणालाच काही झालं नाही."

दुकानदार सावरून उभा राहिला. "बाई, हा शोकेसमधला आहे. आता तुम्हीच घ्या. तुम्ही म्हणाल तेवढी सूट देतो, फक्त जाताना दुसऱ्या कशाला हात लावू नका."

अशा रीतीने स्वस्त आणि टिकाऊ यातलं स्वस्त तर जमलं. टिकाऊ राहिलं.

"राहिलं कुठे?" शुक्रवारी दुपारी यजमान कळवळून म्हणाले. "दुकानात आपटलास की!"

"अहो, एका आपटीने काय सिद्ध होतं? तो नशिबाने वाचला असेल. तपासणी म्हणजे सव्वीस. सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. घ्या वही."

यजमानांनी वही घेतली. चाळीस वर्षांच्या संसारात कधी वाद घालायचा आणि कधी वही घ्यायची, हे त्यांना कळलेलं होतं.

बाहेरच्या खोलीत, उघड्या दाराजवळ, उजेडात तपासणी सुरू झाली. बाईंनी कमरेएवढ्या उंचीवर हात धरला. खाली पातळ सतरंजी, कारण त्या म्हणाल्या तसं, त्या कडक होत्या पण क्रूर नव्हत्या. एक, दोन, तीन. सहा बाजू झाल्या. कॅमेरा शाबूत. बारा कडा झाल्या. कॅमेरा शाबूत, पण खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. "बघा, दाद मिळतेय," बाई म्हणाल्या. एकेक करत सात कोपरे झाले.

"पंचवीस," यजमानांनी लिहिलं. मग कॅमेऱ्याकडे निरखून पाहिलं. "अगं, याचा लाल दिवा लागलाय. लुकलुकतोय. कुठलं तरी बटण दाबलं गेलं बहुतेक."

"लुकलुकू दे. जिवंत आहे म्हणजे."

"मग झालं तर. एक कोपरा राहिला तर राहू दे ना. परवा फोटो काढायचाय."

"राहू दे?" बाई थांबल्या. कॅमेरा हातात तसाच धरून त्या स्टुलावर बसल्या, आणि अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एकदम ओठांवर आली. "अहो, राहू दे म्हटलं की काय होतं ते मला विचारा. त्या पुलावर भाऊजी चहा आणायला गेले ना, तेव्हा कॅमेरा माझ्याकडे होता. त्याचा पट्टा जरा बारीक वाटला मला. म्हटलं, बघू तरी धरतो का. कठड्याबाहेर हात काढला आणि एक झटका दिला. एकच हो! पट्टा माझ्या हातात राहिला आणि कॅमेरा खाली गेला."

यजमानांच्या हातातलं पेन थांबलं. "म्हणजे भाऊजींनी नाही...?"

"कुठले भाऊजी! ते बिचारे तिकडे चहावाल्याशी बोलत होते."

"आणि तू अकरा वर्षं गप्प?"

"सांगणारच होते हो! त्याच दिवशी सांगणार होते. पण अक्काने मागे वळून बघितलं आणि इतक्या झटकन भाऊजींना धरलं, की मला मध्ये बोलायला फटच मिळाली नाही. मग म्हटलं, शांत झाली की सांगू." बाईंनी नाक पुसलं. "ती अजून शांत झालेली नाही."

"आणि पट्टा?"

"न बघताच पर्समध्ये कोंबला. अजून तसाच कपाटात आहे, खालच्या कप्प्यात. जगाच्या बॅगा नापास करणारी बाई मी, आणि स्वतःची तपासणी आली तेव्हा पट्टा लपवला." त्या उठल्या. "म्हणून सव्वीस म्हणजे सव्वीस. या वेळी फोटो राहिला पाहिजे. लिहा."

सव्विसावा कोपरा. आता कोपऱ्यावर पडलेली वस्तू कुठे उसळेल ते सांगता येत नाही, हे बाईंनी स्वतः कितीतरी नवशिक्यांना शिकवलेलं होतं. कॅमेरा सतरंजीवर आपटला, बेडकासारखा उडाला, उंबऱ्यावर टेकला आणि जिन्यात गेला.

"धरा!" बाई ओरडल्या आणि स्वतःच धावल्या.

कॅमेरा एकेका पायरीवर टप्पा घेत खाली चालला होता आणि मागोमाग बाई. त्यातही त्यांची सवय सुटली नाही. "सत्तावीस! अठ्ठावीस! एकोणतीस! अहो, लिहिताय ना?" पस्तिसाव्या आपटीला बाईंची चप्पल त्यांच्या आधी पुढे गेली. अडतिसाव्या आपटीला कॅमेरा खालच्या वळणावर जाऊन थांबला आणि एकोणचाळिसावी जी आपट झाली ती कॅमेऱ्याची नव्हती.

यजमान धापा टाकत खाली आले. "लागलं का गं?"

"आधी तो बघा!"

त्याला काही म्हणता काही झालं नव्हतं. एका कोपऱ्याचा रंग तांदळाच्या दाण्याएवढा गेला होता, बस. बाईंचं डावं मनगट मात्र मोडलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घालता घालता विचारलं, "कशाने पडलात?"

"तपासणी चालू होती," बाई म्हणाल्या. "तो अडतीस वेळा पडला, डॉक्टर. मी एकदाच पडले."

"मग?"

"मग काय, मी नापास."

रविवारी सकाळी अक्का आली, भाऊजी आले, धाकटी आली. धाकटी एका शाळेत संगणक शिकवायची, त्यामुळे वायरी जोडायचं खातं आपोआप तिच्याकडे जायचं. प्लॅस्टर बघून अक्काने कपाळाला हात लावला. "हे काय करून बसलीस? आणि आजच?"

"जिन्यावरून घसरले," बाई म्हणाल्या. हे खरंच होतं. फक्त सगळं नव्हतं.

चहा आला. अक्काने पर्स उघडली आणि स्टीलचा पेला काढून भाऊजींसमोर ठेवला. भाऊजींनी नेहमीप्रमाणे कपबशीकडे एक नजर टाकली आणि पेला उचलला. आपटबाईंनी नेहमीप्रमाणे कॅलेंडर वाचायला घेतलं.

मग फोटो. धाकटीने कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर ठेवला, टायमर लावला आणि पळत येऊन बसली. तिघी ताठ बसल्या, जणू दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायचाय. खट्. निघाला! कॅमेरा चालत होता. बाईंचे डोळे भरून आले.

"टीव्हीवर मोठा करून बघू," धाकटी म्हणाली. "अक्काला त्या चिमुकल्या काचेत काय दिसणार?" तिने वायर जोडली. पडद्यावर तिघी आल्या. अक्का खूश. "बरी आलेय की मी!" आणि धाकटीने बटण दाबलं ते चुकून मागचं.

पडद्यावर आली सतरंजी.

"ताई, हा तर व्हिडिओ आहे! तूच काढलास?"

लाल दिवा! बाईंना आठवलं. "ते बंद कर गं. ते... ते तपासणीचं आहे."

"बघू दे की," अक्का मांडी ठोकून बसली. "तुझी तपासणी आयुष्यभर ऐकली, बघितली कधीच नाही."

बाई उठायला गेल्या, पण प्लॅस्टरचा हात खुर्चीच्या दांड्यात अडकला. यजमान वायरीकडे झेपावले आणि घाईत त्यांनी पंखा बंद केला. खोली एकदम शांत झाली. त्या शांततेत टीव्हीतून आवाज आला, अगदी स्वच्छ. *त्या पुलावर भाऊजी चहा आणायला गेले ना, तेव्हा कॅमेरा माझ्याकडे होता...*

पडद्यावर छत होतं, बाईंची हनुवटी होती, आणि आवाज. अथपासून इतिपर्यंत. पट्टा, झटका, कपाटाचा खालचा कप्पा. मग धाड, सतरंजी, उंबरा, आणि जिना गरगर फिरायला लागला. *सत्तावीस! अठ्ठावीस! अहो, लिहिताय ना?* मग मोठ्ठा आवाज, अंधार, आणि शेवटी सबंध पडदाभर बाईंचा एक उलटा डोळा. *लागलं नाही ना रे बाळा तुला?* कॅमेऱ्याला विचारलेलं.

व्हिडिओ संपला.

"अक्का," आपटबाई म्हणाल्या, "मी सांगणारच होते."

अक्काने भाऊजींसमोरचा पेला उचलला. ती उठली, आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात सोनेरी काठाची कपबशी होती, सगळ्यात नाजूक. त्यात तिने चहा ओतला आणि ती भाऊजींसमोर धरली. "घ्या," ती म्हणाली. "अकरा वर्षं बोलले तुम्हाला."

भाऊजींनी कपबशी घेतली. दोन्ही हातांनी. एक घोट घेतला. दुसरा घेतला. असा मान परत मिळालेला माणूस तिघी बहिणींनी पहिल्यांदाच बघितला. आणि तो मानच बहुधा त्यांना सोसला नाही.

"एक सांगू का?" ते कपाकडे बघत म्हणाले. "त्या कॅमेऱ्याबरोबर आलेला पट्टा चांगला होता. तो मी बायनॉक्युलरला लावला. कॅमेऱ्याला लावला तो जुना होता. आधीच तुटलेला. मधे गाठ मारून त्यावर काळी पट्टी चिकटवली होती. मला अकरा वर्षं वाटतंय, माझ्या गाठीमुळेच गेला. म्हणून तर मी कधी उलटून बोललो नाही."

"गाठ होती?" आपटबाई जवळजवळ आनंदाने ओरडल्या. "तरीच म्हटलं, एका झटक्यात कसा सुटला!"

"तू गप्प बस," अक्का म्हणाली. मग भाऊजींकडे वळली. "म्हणजे मी अकरा वर्षं बरोबरच बोलत होते!" आणि तिने कपबशी काढून घेतली.

धाकटी आधी हसली. मग यजमान. मग अक्कालाच आवरेना. चहा बशीत सांडला, तशी तिने कप पुन्हा भाऊजींच्या हातात दिला. "धरा. आता फुटला तरी हिचाच आहे."

"तो पहिला फोटो पुसून टाक," आपटबाई डोळे पुसत धाकटीला म्हणाल्या. "मढ्यासारख्या आलोय तिघी. दुसरा काढू. आणि भाऊजी काढतील."

"ह्यांच्या हातात देणार?" अक्काने विचारलं.

"अडतीस वेळा पडलाय तो. भाऊजींनी पाडला तर फार तर एकोणचाळीस."

भाऊजींनी कप खाली ठेवला आणि कॅमेरा घेतला. अकरा वर्षांनी. तिघी बसल्या, मधे आपटबाई. भाऊजींनी कॅमेऱ्याची छोटीशी दोरी मनगटात सरकवली. आपटबाईंची नजर त्या दोरीवर गेली आणि तिथेच थांबली. दोरी जरा बारीक वाटत होती.

"भाऊजी, एक मिनिट," त्या अर्धवट उठत म्हणाल्या. "दोरीला जरा एक झटका देऊन..."

"नको!" अक्का आणि धाकटी एकदम किंचाळल्या आणि दोघींनी दोन्हीकडून त्यांना धरून खाली ओढलं. त्या क्षणी भाऊजींचं बोट दबलं.

फोटो आला तो असा. अक्काचं तोंड वासलेलं, धाकटीचे डोळे कपाळात गेलेले, दोघींनी मिळून मधल्या बहिणीला गच्च धरलेलं, अगदी प्लॅस्टरसकट, आणि मधली खो खो हसतेय. मंगळवारी अक्का जाताना सामानात दुसरं काही राहिलं असतं तरी चाललं असतं, पण या फोटोची छापील प्रत तिने पर्समध्येच ठेवली. पेल्याच्या जागी.

पाहुणे गेल्यावर यजमानांनी वही काढली, कारण तपासणी अर्धवट सोडलेली बाईंना चालत नसे, आणि निकाल लिहून पुढे केला. बाईंनी उजव्या हाताने सही केली.

कॅमेरा: पास. दोरी: तपासू दिली नाही.